मदत हवी आहे: आमटी-रस्सा व्हॅक्यूम सील करायला गेले, मशीनच आमटी पिऊन बसलं

लेकीची आई
नमस्कार मंडळी. टिळकवाडी, बेळगावातून लिहितेय. धाकटी लेक नोकरीला पुण्यात आहे. तिथल्या डब्यातली आमटी तिच्या भाषेत 'हळद घातलेलं गरम पाणी'. त्यामुळे महिन्यातून एकदा घरातलं कुणीतरी रात्रीच्या बसनं तिच्याकडे जातं, आणि जाताना कटाची आमटी, काळ्या वाटाण्याची आमटी, मटणाचा रस्सा असं काहीबाही न्यावं लागतं. आतापर्यंत स्टीलच्या डब्यांना वरून फडकं बांधून न्यायचो. एकदा डबा आडवा झाला आणि यांची बॅग, बॅगेतला टॉवेल, शेजारच्या प्रवाशाची चप्पल, सगळ्यांना तांबडा रस्सा मिळाला.

म्हणून मागच्या महिन्यात ऑनलाइन व्हॅक्यूम सीलर मागवला. पिशवीचं तोंड फटीत सरकवायचं, झाकण दाबायचं, हवा ओढून तोंड चिकटवतो तो प्रकार. रवा, शेंगदाणे, चटण्या झकास सील झाल्या. मग कटाची आमटी घेतली. बटण दाबताच आमटी सरसर वर चढली आणि मशीनच्या पोटात गेली. खालचा ट्रे भरला, पट्टी ओली झाली, पिशवी चिकटलीच नाही. दुसऱ्यांदा पिशवी चिकटल्यासारखी दिसली, पण सकाळी फ्रीजरचा खालचा कप्पा तांबडा झालेला.

माझं काय चुकतंय? का या मशीनवर पातळ पदार्थ होतच नाहीत?

खानापूरकर
मशीन विकून टाका आणि चांगल्या रबरवाले डबे घ्या. आमच्या आजीनं आयुष्यभर पितळी डब्यातून माहेरी सार नेलं.

लेकीची आई
होय की, आणि आजीचं माहेर नंदगडला असणार, पुण्याला नव्हे. :)

पाना दहा-बारा
मशीन बिघडलेलं नाही, काम उलट क्रमानं होतंय.

घरगुती सीलर पिशवीच्या तोंडातून हवा ओढतो. वाटेत जे सैल असेल ते हवेच्या मागोमाग येतं. त्याला हवा आणि आमटी यातला फरक कळत नाही. शिवाय चिकटवणाऱ्या पट्टीवर ओल किंवा तेल असेल तर प्लॅस्टिक एकजीव होत नाही, नुसतं चिकटल्यासारखं दिसतं.

तेव्हा आधी गोठवा, मग सील करा. आमटी पूर्ण गार करून अर्ध्या लिटरच्या चौकोनी डब्यात ओता, वर बोटभर जागा सोडा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, काठोकाठ भरलेला डबा तडकतो. रात्रभर ठेवा. सकाळी डबा नळाखाली दहा-पंधरा सेकंद धरला की वीट सुटून येते. ती कोरड्या फडक्यानं पुसा, पिशवीत घाला, वर किमान तीन इंच मोकळं तोंड राहू द्या आणि सील करा. वीट टणक असल्यामुळे ओढायला हवेशिवाय काही नसतं. पिशवीत घालताना तोंड बाहेरच्या बाजूला दुमडून घ्या, म्हणजे कड कोरडी राहते. मी एक सील झाल्यावर त्याच्या खाली बोटभर अंतरावर दुसरी मारतो. दोन सीलमध्ये वीसेक सेकंद थांबा, पट्टी निवू द्या.

पिशव्या कुठल्या आहेत? या मशीनला आतून खवल्या-खवल्याच्या पिशव्या लागतात, त्या खाचांतून हवा निघते. गुळगुळीत पिशवी आपल्याच अंगाला चिकटते आणि हवा आत कोंडते.

लेकीची आई
अय्या, मशीनसोबत आलेला रोल संपल्यावर मी साध्या पिशव्या आणल्या होत्या, खडेबाजारातून. म्हणजे दोन्हीकडे माझीच चूक. एक विचारू? हॉटेलवाले पातळ रस्सा तसाच सील करतात, ते कसं?

पाना दहा-बारा
त्यांच्याकडे पेटीचं मशीन असतं. अख्खी पिशवी पेटीत ठेवायची, झाकण लावायचं आणि पूर्ण पेटीतली हवा काढायची. पिशवीच्या आतबाहेर दाब सारखाच, मग रस्सा वर चढणार कशाला? पण तिथंही रस्सा गार लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, म्हणून इथं पाणी शंभर नव्हे, ९७-९८ अंशांनाच उकळतं. पेटीतला दाब त्याहून कितीतरी कमी होतो, कोमट रस्सासुद्धा खदखदायला लागतो आणि पेटीभर होतो. मशीन महाग आणि जड असतं. महिन्याला चार पिशव्यांसाठी नको.

निपाणीची सून
ताई, वीट करायला वेळ नसेल तर मशीनशिवायची युक्ती सांगते. जाड झिपवाली पिशवी घ्या, गार आमटी अर्ध्याहून थोडी जास्त भरा, झिपचा एक कोपरा उघडा ठेवून बाकी बंद करा. मग पाण्यानं भरलेल्या बादलीत पिशवी हळूहळू खाली सोडा. बाहेरचं पाणी पिशवीला दाबतं आणि हवा त्या कोपऱ्यातून निघून जाते. तोंडाशी आलं की कोपरा बंद. मग ताटावर आडवी ठेवून फ्रीजरमध्ये टाका. पुस्तकासारख्या सपाट पिशव्या तयार होतात, उभ्या लावता येतात आणि वितळतातही लवकर. प्रवासाला मात्र झिपचा भरवसा धरू नका, आणखी एक पिशवी वरून घाला.

रश्शाबद्दल. पांढरा रस्सा गोठवाल तर नारळाचं दूध फुटतं, वितळल्यावर वर गुठळ्या आणि खाली पाणी. मी फक्त अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, गोठवते, लेकीनं तिथं नारळाचं दूध घालावं. बटाटे घालू नका, भुसभुशीत होतात. ताकाची कढीही फुटते. कटाची आमटी, काळे वाटाणे, हुलग्याचं सार, टोमॅटोचं सार उत्तम राहतं. आणि मटण हाडासकट भरत असाल तर नळीची टोकं पिशवीला भोक पाडतात, दालचिनीचे तुकडेही. बारीकशा भोकातून हवा शिरते, रस्सा कडेला पांढरट, कोरडा पडतो. डब्यात वीट लावताना हाडं मध्ये घाला, वरून रस्सा, म्हणजे टोकं झाकली जातात.

गोकाकचा करदंट
सगळे सीलवर बोलताहेत. एक गंभीर गोष्ट राहतेय.

व्हॅक्यूम म्हणजे टिकाऊपणा नव्हे. हवा नसली की बुरशी, नेहमीचे जंतू मंदावतात हे खरं, पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू हवा नसतानाच वाढतो, आणि त्याचे बीजाणू साध्या उकळीनं मरत नाहीत. त्यानं खराब झालेल्या आमटीला वास येईलच असं नाही. तेव्हा सील केलेली आमटी-रस्सा 'हवाबंद आहे' म्हणून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आठवडाभर ठेवायची नाही, ओट्यावर तर मुळीच नाही. उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. तिथं जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, म्हणून वितळवायचंही फ्रीजमध्येच, आणि वितळताना पिशवीला कात्री लावा. खाण्याआधी खळखळून उकळा.

आणि पातेलं रात्रभर ओट्यावर गार होऊ देऊ नका. पसरट भांड्यात काढून परातीतल्या बर्फाच्या पाण्यात ठेवा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे.

लेकीची आई
बाप रे. मागच्या वेळी पातेलं रात्रभर ओट्यावरच होतं. अजून एक भीती आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते, कधी चार-चार तास. आणि बसचा प्रवास, घरापासून तिच्या खोलीपर्यंत नऊ-दहा तास धरा.

गोकाकचा करदंट
चार तासांनी काही बिघडत नाही, फक्त दार उघडून 'बघूया' करायचं नाही. ठासून भरलेला फ्रीजर दार बंद राहिल्यास सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला सुमारे २४. जागा उरली तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा.

प्रवासासाठी विटा एकमेकींना चिकटून थर्माकोलच्या खोक्यात भरा, मोकळ्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे, वर बर्फाची पिशवी. पोचल्यावर विटेत बर्फाचे कण उरले असतील तर पुन्हा फ्रीजरमध्ये टाकायला हरकत नाही, थोडी चव उतरेल इतकंच. पूर्ण वितळून कोमट झाली असेल तर जीव कितीही तुटला तरी फेकून द्या.

खानापूरकर
हे सगळं वाचून मीच आता सीलर बघतोय. कुणाला सांगू नका.

लेकीची आई
मंडळी, करून पाहिलं. खवल्यांच्या पिशव्या मागवल्या, कटाची आमटी आणि अळणी असे सहा चौकोन लावले. पाच नीट सील झाले. सहाव्या पिशवीत तर्री जास्त होती. वीट टणक होती पण वरचं तेल मऊच राहिलं, मशीननं दाबल्यावर कडेला आलं आणि सील सुटली. तर्रीचं काय करायचं? शेजारच्या अक्का होळगी सारू, म्हणजे कानडी कटाची आमटी, करतात, त्याही आता आपली आमटी गोठवायला देतायत, तेव्हा लवकर सांगा.

निपाणीची सून
तर्री वरून काढून छोट्या डबीत वेगळी गोठवा, खायच्या वेळी वरून सोडा. नाहीतर वीट पिशवीत उलटी घाला, तेलाची बाजू तळाला आणि तोंडाकडे नुसता बर्फ. पिशवीच्या तोंडाशी किचन टिश्यूची घडी आडवी ठेवली तर उरलंसुरलं तीच टिपते, फक्त ती सीलच्या रेषेत येऊ देऊ नका.

लेकीची आई
उलटी घातली, जमलं! शेवटचं विचारते, पिशव्या धुऊन परत वापरल्या तर चालेल ना? महाग आहेत ओ.

निपाणीची सून
शेंगदाण्याच्या चालतील. मटणाच्या नाही, कितीही घासा, खाचांमध्ये तेल राहतंच. त्यापेक्षा रोलमधून चार बोटं लांब कापा आणि लेकीला सांगा, वरची कड सरळ रेषेत कापून रिकामी पिशवी परत आण. त्या आखूड पिशव्यांत मी चटणी भरते, आमटीच्या असल्या तरच.