उपभू आणि अपभू : अंतर नेमकं कुठून मोजायचं?

वाचनमात्र
एका मजकुरात 'चंद्राचा उपभू सरासरी 3,63,300 किमी' असं आहे आणि दुसऱ्यात 'चांद्रयान-3 चा उपभू 173 किमी'. दोन्ही आकडे एकाच मापाने घेतलेत का? शिवाय 'उप' म्हणजे दुय्यम ना, उपाध्यक्षातला? मग उपभू म्हणजे काय समजायचं?

शततारका
'उप'चा मूळ अर्थ जवळ. उपस्थित म्हणजे जवळ असलेला, उपनगर म्हणजे नगरालगतचं. दुय्यमपणाची छटा त्यातूनच पुढे आली. 'अप' म्हणजे दूर, जसं अपहरण. त्यामुळे भ्रमणकक्षेतला पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू उपभू, सर्वांत लांबचा अपभू. सूर्याभोवती तेच उपसूर्य आणि अपसूर्य. पृथ्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उपसूर्य बिंदूपाशी असते, सुमारे 14.71 कोटी किमी. जुलैच्या सुरुवातीला अपसूर्य, 15.21 कोटी किमी. म्हणजे आपल्याकडे थंडी असते तेव्हाच सूर्य जवळ असतो. ऋतू आसाच्या कलण्यामुळे होतात, या अंतरामुळे नाही.

लिंगाबद्दल: 'भू' स्त्रीलिंगी असला तरी इथे 'बिंदू' अध्याहृत आहे, म्हणून 'यानाचा उपभू' हेच बरोबर. व्याख्यानात मात्र उपभू-अपभू कानाला फार सारखे लागतात. तिथे 'जवळचा बिंदू', 'लांबचा बिंदू' म्हणावं.

कर्कवृत्त
मूळ प्रश्न अंतराचा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. चंद्राचं अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्राच्या केंद्रापर्यंत देतात. कृत्रिम उपग्रहाचा आकडा मात्र बहुधा भूपृष्ठापासूनची उंची असते. शब्द एकच, मोजणीची सुरुवात वेगळी. चंद्राच्या बाबतीत पृथ्वीच्या 6,378 किमीच्या त्रिज्येने फारसा फरक पडत नाही, यानाच्या बाबतीत गणितच कोसळतं.

करून पाहा. 15 जुलै 2023 रोजी कक्षा पहिल्यांदा उंचावल्यावर चांद्रयान-3 ची कक्षा 173 × 41,762 किमी होती. दोन्हींत 6,378 मिळवा: 6,551 आणि 48,140. बेरजेचा निम्मा 27,345 किमी, हा अर्धदीर्घ अक्ष, म्हणजे लंबवर्तुळाकार कक्षेच्या सर्वांत लांब व्यासाचा निम्मा. आता केप्लरचा तिसरा नियम, म्हणजे फेरीचा काळ या अक्षाच्या दीड घाताच्या प्रमाणात असतो: 42,164 किमी अक्षाच्या कक्षेला 23.93 तास लागतात, म्हणून 27,345 ला 42,164 ने भागा, येणाऱ्या 0.6485 चा दीड घात घ्या (0.522) आणि 23.93 ने गुणा. उत्तर साडेबारा तास. त्रिज्या मिळवायला विसरलात तर अक्ष 20,967 किमी धरला जातो आणि उत्तर 8.4 तास येतं. विकेंद्रता, म्हणजे कक्षेच्या लांबटपणाचं माप (वर्तुळाला 0), तर 0.76 ऐवजी 0.99 निघते, जवळजवळ अन्वस्ताला, म्हणजे कधीच न मिटणाऱ्या वक्ररेषेला (1) टेकलेली. इतकी लांबट कक्षा दिसली की आधी त्रिज्या मिळवली का ते तपासा.

म्हणून लिहिताना 'उपभू 173 किमी' एवढंच नको. 'उपभूची उंची' किंवा 'उपभू-अंतर', यांपैकी जे असेल ते लिहा.

वाचनमात्र
'कक्षा उंचावली' म्हणताना पूर्ण कक्षा वर जाते का?

कर्कवृत्त
नाही, आणि हा शब्दप्रयोग तिथेच फसवतो. उपभूपाशी इंजिन चालवून वेग वाढवला की समोरचा बिंदू, म्हणजे अपभू, वर जातो. इथे अपभू सुमारे 36,500 वरून 41,762 झाला, उपभू 170 च्या आसपासच राहिला. 'अपभू उंचावला' हे जास्त नेमकं.

ध्रुवमत्स्य
वर आलेला 42,164 चा आकडा भूस्थिर कक्षेचा, केंद्रापासूनचा. बातम्यांत येणारे 35,786 किमी ही तिचीच भूपृष्ठापासूनची उंची. 'स्थिर' शब्दामुळे उपग्रह जागीच टांगलेला वाटतो. तो सेकंदाला 3.07 किमी वेगाने धावत असतो, फक्त पृथ्वीच्या परिवलनाइतक्याच काळात, 23 तास 56 मिनिटांत, फेरी पुरी करतो.

भूस्थिर आणि भूसमकालिक हे समानार्थी म्हणून वापरू नयेत. काळ जुळला की कक्षा भूसमकालिक. भूस्थिर होण्यासाठी ती वर्तुळाकार हवी आणि विषुववृत्ताच्या प्रतलातच हवी. म्हणून महाराष्ट्रातल्या गच्चीवरची डिश नेहमी दक्षिणेच्या बाजूला तोंड करून असते. नाविक (NavIC) या भारताच्या उपग्रह-दिशादर्शन प्रणालीच्या मूळ रचनेत तीन उपग्रह भूस्थिर आणि चार भूसमकालिक, 29 अंशांनी कललेले. हे चार जमिनीवरून पाहिले तर आकाशात इंग्रजी आठाचा आकडा काढतात.

शततारका
पंचांगातल्या 'उच्च'बद्दलही एक सांगायला हवं, कारण अपभूला उच्च म्हणावं अशी सूचना अधूनमधून येते. सिद्धान्तग्रंथांत, म्हणजे जुन्या खगोलगणिताच्या ग्रंथांत, मंदोच्च हा खरोखर कक्षेतल्या लांबच्या बिंदूशी जोडलेला आहे. आर्यभटाने सूर्याचं मंदोच्च 78 अंश दिलं आहे, म्हणजे मिथुनेत. फलज्योतिषात सूर्य उच्चीचा मेषेत असतो. त्या उच्चाचा अंतराशी संबंध नाही. आजच्या लेखनात उच्च-नीच आणलं तर वाचक राशीकडेच जाईल.

वाचनमात्र
आणि यान चंद्राभोवती गेल्यावर? 5 ऑगस्टच्या कक्षेला 'उपभू 164 किमी' लिहिलेलं दिसतं.

कर्कवृत्त
चूक. 'भू' म्हणजे पृथ्वी, चंद्राभोवतीच्या कक्षेला उपभू असूच शकत नाही. वाक्य असं करा: 'चंद्राभोवतीच्या कक्षेत यानाचा निकटबिंदू चंद्रपृष्ठापासून 164 किमी आणि दूरबिंदू 18,074 किमी उंचीवर होता.'