उताऱ्यावर नाव चढलं म्हणजे जमीन त्याची झाली असं नाही

ताई, बाबा मृत्युपत्र न करता गेले, थोरल्या दादाने एकट्याचाच वारसा लावून घेतला आणि आता तुम्हा बहिणींकडे सह्या मागतोय, एवढंच ना? मग घाबरताय कशाला. पहाणीवरचं (म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या सातबाऱ्यावरचं) नाव शेतसाऱ्यापुरतं असतं, मालकी त्याने ठरत नाही. बँकेतल्या नॉमिनीचंही तेच. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच हक्क आणि तेव्हा वडील हयात नसले तरी चालतं हे २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही. बाबांनी स्वतः घेतलेल्या घरात आईचाही मुलांइतकाच वाटा (हे सगळे सोयीने विसरतात).

खरी भीती सहीची. कागद कानडीत, सांगतात वारसाचा अर्ज आहे म्हणून आणि निघतं हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याचा कागद, आमच्या बेळगावजवळच्या खानापूर भागात हे बघितलंय. सबरजिस्ट्रारकडे जायच्या आधी कानडी येणाऱ्या आपल्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. आणि दादाला म्हणावं सरळ वाटणीपत्र करूया की, सर्व्हे नंबर फोडायला ११ई नकाशा (तुकडे पाडण्याआधीचा सरकारी मोजणीचा नकाशा) लागतो, त्याचा अर्ज तूच टाक.