बसल्या जागी घाम, उठलं की पँटवर ओले डाग: उपाय काय?

अभ्यासिका_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. सांगलीत अभ्यासिकेत दिवसाचे आठ-नऊ तास बसणं होतं. खुर्च्या प्लास्टिकच्या. अर्ध्या-पाऊण तासात मांड्यांखाली आणि बैठकीला इतका घाम येतो की उठल्यावर राखाडी पँटवर दोन ओले गोल दिसतात, खुर्चीवरही ओल राहते. एसटीच्या रेक्झिनच्या सीटवर, मंगल कार्यालयात, भावे नाट्यगृहात, सगळीकडे तेच. बाकीचे उठून गेल्याशिवाय उठायचं धाडस होत नाही.

तळहातही ओले असतात, लिहिताना कागद भिजतो. झोपेत घाम येत नाही. वय २३, वजन बेताचं, कुठलीही गोळी चालू नाही. शाळेत असल्यापासून हे आहे आणि वडिलांचे हातही असेच ओले असतात.

कापड कोणतं घ्यावं, खुर्चीवर काय टाकावं, घामाचं लावायचं औषध कमरेखाली चालतं का आणि गोळ्या घ्याव्यात का? मेअखेरीस पुण्याला तोंडी मुलाखत आहे.

त्वचा_मिरज

तुमच्या वर्णनातच निम्मं उत्तर आहे. बाहेरचं कारण नसताना सहा महिन्यांहून जास्त काळ ठरावीक जागी जादा घाम येणं, दोन्ही बाजूंना सारखा येणं, पंचविशीच्या आत सुरू होणं, घरात आणखी कुणाला असणं आणि झोपेत थांबणं ही 'प्रायमरी हायपरहायड्रोसिस'ची लक्षणं आहेत. ग्रंथी निरोगी असतात, त्यांना मज्जातंतूंकडून येणारा हुकूम गरजेपेक्षा जास्त असतो. हा अस्वच्छतेचा दोष नाही आणि मन कमकुवत असल्याचा तर मुळीच नाही. हे घरच्यांनाही स्पष्ट सांगा.

झोपेतही अंथरूण भिजत असेल, वजन उतरत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल किंवा छातीत धडधड आणि हाताला कंप असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी थायरॉइड, साखर आणि क्षयाची तपासणी करावी लागते. नैराश्याच्या काही गोळ्या आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकंही घाम वाढवतात. तुमच्याबाबतीत यातलं काही दिसत नाही, तरी थायरॉइड आणि साखर एकदा बघून घ्या.

तळहाताचा घाम ग्रंथींचाच. बैठकीच्या घामात मात्र खुर्चीचा वाटा किती, हे आधी वेगळं काढा. एकच पँट, एकच पंखा, आणि प्लास्टिकची खुर्ची, लाकडी बाक व वेताची किंवा जाळीची खुर्ची यांवर प्रत्येकी अर्धा तास बसा. दर वेळी खाली कोरडा पांढरा रुमाल अंथरा आणि उठल्यावर तो किती भिजला ते बघा. जाळीवर रुमाल कोरडा राहिला तर मुख्य दोष बसायच्या जागेचा आहे, आणि कमरेखाली औषध लावायची गरजच नाही. जाळीवर, पंख्याखालीही भिजला तर औषधाचा विचार करू.

कापडचोपड_गावभाग

कापडाचं आणि खुर्चीचं मी सांगतो.

माणसाचं अंग सतत थोडी वाफ सोडत असतं. प्लास्टिक आणि रेक्झिन ती वाफ आरपार जाऊ देत नाहीत. त्वचा आणि खुर्ची यांच्यामध्ये हवा कोंडते, ओलावा भरतो, मग आलेला घाम सुकायला वावच राहत नाही. वरचा पंखा चेहऱ्याला लागतो, बुडाखाली पोचत नाही. म्हणून पंखा वाढवून डाग जात नाही, खालून हवा खेळली तरच जातो.

मऊ फोमची उशी घेऊ नका. अंग त्यात रुततं, स्पर्शाची जागा वाढते आणि उष्णता अडकते. लांबच्या गाडीचे ड्रायव्हर सीटवर टाकतात ते लाकडी मण्यांचं आसन सगळ्यात चांगलं, कारण मण्यांच्या फटीतून हवा फिरते. अभ्यासिकेत ते आणायची लाज वाटत असेल तर सुती पंचा चार पदरी घडी करून टाका, दोन जवळ ठेवा आणि जेवणाच्या सुट्टीत बदला. ओला पंचा तसाच ठेवला तर त्याचा उपयोग संपला. घोंगड्याची आसनपट्टीही चालते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. पण ती टोचते, म्हणून वर पातळ सुती खोळ घाला. उन्हाळ्यात मणीच बरे.

आता रंग. कापड ओलं झालं की धाग्यांमधल्या हवेच्या जागी पाणी भरतं, उजेड कमी परततो आणि तेवढा भाग गडद दिसतो. राखाडी, खाकी, आकाशी आणि फिकट तपकिरी या रंगांत हा फरक सर्वांत जास्त उठून दिसतो. काळा आणि गडद नेव्ही ब्लू सुरक्षित. गडद जमिनीवर बारीक चौकडा असेल तर आणखी चांगलं, डागाची कड नजरेला सापडत नाही.

'सुती वापरा' हा सल्ला सगळे देतात, पण तो अर्धाच बरोबर आहे. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, लवकर सुकत नाही. जाड सुती जीन्स तर या त्रासाला सगळ्यात वाईट. आत खेळाडूंच्या कपड्यांचं पातळ, चटकन सुकणारं, मांडीच्या मध्यापर्यंत येणारं बॉक्सर घाला. त्याने घाम एका जागी साचत नाही, पसरतो आणि मांडीला मांडीही घासत नाही. वर सैल, गडद, पातळ टेरीकॉट किंवा ट्रॉपिकल सुटिंगची पँट.

शिवून घेत असाल तर टेलरला दोन गोष्टी सांगा. सीटचं माप नेहमीपेक्षा एक ते दीड इंच सैल ठेवा, आणि मागच्या बाजूला कमरेपासून गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत मलमलीचं सुटं अस्तर लावा. अस्तर खाली मोकळं सोडायचं, कडेला शिवायचं नाही. शिवलं तर बसताना ताणतं आणि वरच्या कापडाला चिकटून डाग बाहेर उमटतो.

ताई लोकांसाठी: पॉलिएस्टरचा परकर आणि घट्ट लेगिंग दोन्ही टाळा. सुती परकर, सैल सलवार, आणि कुर्ता मागून लांब.

फार्मसी_पोवईनाका

लावायच्या औषधाचं लिहितो, कारण औषध बरोबर आणि वापर चुकीचा असं फार होतं.

औषध म्हणजे ॲल्युमिनियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट. काखेसाठी साधारण २० टक्क्यांचं द्रावण वापरतात, नाजूक जागी १० ते १५ टक्क्यांपासून सुरुवात करतात. ते घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतं. रात्रीच लावायचं, कारण झोपेत ग्रंथी शांत असतात आणि बूच बसायला वेळ मिळतो. सकाळी अंघोळ करून लावून निघालात तर घाम ते धुऊन टाकतो आणि वर आग होते.

आग का होते? हे औषध पाण्याशी संयोग पावलं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. म्हणून त्वचा पूर्ण कोरडी हवी. झोपायच्या आधी अंघोळ केली असेल तर निदान अर्धा तास थांबा, पंख्याखाली वाळू द्या आणि मगच पातळ थर लावा. तो सुकल्यावरच कपडे घाला. सहा ते आठ तासांनी धुवा. घाम आटोक्यात येईपर्यंत रोज रात्री, बहुतेकांना एक-दोन आठवडे लागतात. पुढे आठवड्यातून एक-दोनदा पुरतं.

कमरेखाली मांडीची मागची बाजू आणि बैठकीचा खुर्चीला टेकणारा भाग, एवढीच जागा. जांघ, गुप्तांग आणि नितंबांची घडी अजिबात नाही, तिथली त्वचा पातळ आणि कायम ओलसर असते. आधी रुपयाएवढ्या जागेवर दोन रात्री लावून बघा. केस काढले असतील तर ४८ तास थांबा. आग झाली तर दोन-तीन रात्री बंद, आणि सकाळी एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन क्रीमचा पातळ थर दोन-तीन दिवस. मे महिन्यात वीज गेली आणि रात्री घाम फुटायला लागला तर तसंच झोपू नका, धुऊन टाका.

तुरटीही ॲल्युमिनियमचंच क्षार आहे. काखेत थोडा फरक पडतो, पण ताकद कमी आणि बैठकीच्या घामाला पुरत नाही.

एक कळकळीची विनंती. ओल राहून जांघेत खाज आणि गोल चट्टे उठले तर दुकानातून 'खाजेची ट्यूब' मागू नका. अशा बऱ्याच मिश्र ट्यूबमध्ये जोरदार स्टेरॉइड असतं. चार दिवस आराम पडतो, मग गजकर्ण दुप्पट पसरतं, चट्ट्यांचं रूप बदलतं आणि पुढे उपचार महिनोन्महिने चालतात. साधी टाल्कम पावडरही घामात गोळे होऊन घडीत साचते.

वाईकर

कपडे आणि आसन करा, चांगलंच आहे. पण शाळेपासून त्रास असेल तर आसनावर आसन बदलत आणखी पाच वर्षं घालवू नका. गोळ्या आहेत, त्वचारोगतज्ज्ञ सर्रास देतात. मुलाखत तोंडावर आहे, सरळ गोळी सुरू करावी असं माझं मत.

त्वचा_मिरज

वाईकर दादा, उपचार लांबवू नयेत हे मान्य. गोळीचा क्रम मात्र शेवटचा ठेवा, त्याला कारण आहे.

ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिन ग्रंथींना मिळणारा निरोप अडवतात, पण सगळ्या अंगात. तोंड कोरडं पडतं, जवळचं वाचताना अंधूक दिसतं, बद्धकोष्ठता होते, लघवी अडू शकते. तोंडी मुलाखतीत जीभ टाळूला चिकटली तर ओल्या पँटपेक्षा जास्त अडचण होईल. दुसरं, घाम हाच शरीर थंड ठेवायचा मार्ग आहे. मे महिन्याच्या सांगलीच्या उन्हात तो बंद करून फिरलं तर उष्माघाताचा धोका खरा आहे. काचबिंदूचा एक प्रकार, प्रोस्टेटची वाढ आणि मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) असलेल्यांना या गोळ्या चालत नाहीत.

डॉक्टरांनी दिलीच तर ग्लायकोपायरोलेट बहुधा १ मिलिग्रॅमपासून सुरू होते, रिकाम्या पोटी, कारण जेवणासोबत ती नीट शोषली जात नाही. पहिली गोळी मुलाखतीच्या दिवशी घ्यायची नाही. आधीच्या आठवड्यात घरी, अभ्यासाच्या दिवशी घेऊन परिणाम बघायचा. 'भीतीची गोळी' म्हणून प्रोप्रॅनोलॉल कुणी सुचवली तर दमा आहे का, हे डॉक्टरांना आधी सांगा, दम्यात ती धोक्याची.

तळहातांसाठी आयोन्टोफोरेसिस बघा. दोन ट्रेमध्ये तळहात बुडतील एवढंच पाणी आणि १५ ते २० मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह, वीस ते तीस मिनिटं. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, बहुतेकांना सहा ते दहा वेळा केल्यावर फरक दिसतो, पुढे आठवड्याला एक. बोअरचं जड पाणी उत्तम चालतं. आरओच्या पाण्यात क्षार नसतात, त्यात चिमूटभर खायचा सोडा घालावा लागतो. अंगठ्या काढा, जखमेला व्हॅसलीन लावा, प्रवाह चालू असताना हात झटकन बाहेर काढू नका. पेसमेकर, गरोदरपण किंवा शरीरात धातूचं रोपण असेल तर नाही. घरच्या विजेवर जुगाड करून तर कधीच नाही. बैठकीला हा उपाय लागू पडत नाही.

बोटॉक्स काखेला चांगलं आहे, प्रत्येक काखेत ५० युनिट, परिणाम सहा महिन्यांच्या आसपास. बैठकीचा पसारा मोठा, सुया फार, खर्च जास्त, म्हणून ते सहसा शेवटी. आणि तळहातांसाठी छातीतला मज्जातंतू कापायची शस्त्रक्रिया कुणी सुचवली तर नीट विचार करा. त्यानंतर बऱ्याच जणांना पाठ, पोट, मांड्या आणि बैठकीला भरपाईचा घाम सुरू होतो, म्हणजे तुमची मूळ तक्रारच वाढते.

कापडचोपड_गावभाग

मुलाखतीच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. आत खुर्चीवर बसणं थोडाच वेळ असतं, डाग पडतो तो बाहेर ताटकळताना. तिथे उभे राहा, फेऱ्या मारा, बसलात तर खुर्चीच्या पुढच्या निम्म्या भागावर. एसटीने दुसरी पँट घालून जा, पोचल्यावर अंग पुसून अर्धा तास हवेला थांबा आणि मग मुलाखतीची पँट चढवा.

सकाळी भडंग, मिसळ, कडक चहा नको. मिरचीने तोंडातले उष्णतेचे संवेदक जागे होतात आणि मेंदू अंग तापल्यासारखा घाम सोडतो. पाणी मात्र कमी करू नका.

मंगल कार्यालयात कूलरसमोर जागा धरायची तर एप्रिलच्या कोरड्या हवेतच. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कूलर हवेत आणखी ओल भरतो, तेव्हा खिडकीजवळची कडेची खुर्ची बरी.

अभ्यासिका_विश्रामबाग

सर्वांचे आभार. रुमालाचा प्रयोग केला. जाळीच्या खुर्चीवर जेमतेम दमट, प्लास्टिकवर चिंब. आसन आणि पँटपासून सुरुवात करतो, तळहातांसाठी सिव्हिलला त्वचा विभागात दाखवतो. एकच शंका: काळ्या पँटवर वाळल्यावर पांढऱ्या रेषा उमटतात, त्या धुऊनही राहतात.

कापडचोपड_गावभाग

ते घामातलं मीठ. थेट साबणात टाकू नका. आधी साध्या गार पाण्यात पँट उलटी करून अर्धा तास भिजवा, पाणी बदलून एकदा खळबळा, मग साबण. पावडर जास्त झाली तर तीही पांढरी राहते, म्हणून निम्मी वापरा. सावलीत उलटीच वाळवा. बाहेर असताना रेष दिसली तर ओला रुमाल पूर्ण पिळून कडेकडून आत पुसत या, मधून बाहेर पुसलंत तर रेष नुसती पुढे सरकते.