सिस्टिक फायब्रोसिस: कफातल्या एका कॉलनीवर औषध ठरवावं का?

सूक्ष्मदर्शी:
सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार. त्यात सीएफटीआर नावाचं जनुक बिघडलं की फुफ्फुसात कफ घट्ट होऊन साचतो आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू तिथे वर्षानुवर्षं ठाण मांडतो. एकाच मूळ जंतूचे वंशज मग एकमेकांपासून वेगळे होत जातात. म्यूक-ए जनुक मोडलेले जंतू अल्जिनेटचं बुळबुळीत आवरण घेतात, लास-आर मोडलेल्यांचा आपसातला रासायनिक संवाद बिघडतो. २००० साली स्पेनमधल्या संशोधकांना ३० रुग्णांपैकी ३६ टक्क्यांत भराभर उत्परिवर्तन होणारे जंतू सापडले होते. कल्चर करताना, म्हणजे कफातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून कोणतं औषध चालेल ते बघताना, मात्र बहुधा दिसायला वेगळ्या प्रत्येक रूपाची एखादीच कॉलनी (एका जंतूपासून वाढलेला ठिपका) उचलतात. माझं ठाम मत आहे, अनेक कॉलन्यांची जनुकीय तपासणी व्हायलाच हवी.

उजवा खंड:
मला हे पटत नाही. रिपोर्टमध्ये 'रेझिस्टंट' (जंतू दाद देत नाही) लिहिलेलं औषध देऊनही रुग्ण सुधारतो आणि 'सेन्सिटिव्ह' (जंतूवर चालतं) लिहिलेल्या औषधाने सुधारत नाही, हे वारंवार दिसतं. २००५ मध्ये प्रतिजैविकांच्या जोड्या प्रयोगशाळेत पारखून उपचार ठरवण्याची चाचणी झाली, त्यातही रुग्णांचा फायदा वाढला नाही. आणखी माहिती गोळा करून डॉक्टरांनी वेगळं काय करायचं? सगळा जोर पहिल्या पॉझिटिव्ह कल्चरवर हवा. तेव्हा टोब्रामायसिन हे प्रतिजैविक वाफेतून २८ दिवस दिलं तर जंतू बरेचदा जातो. बुळबुळीत आवरण आल्यावर तो क्वचितच हटतो.

सूक्ष्मदर्शी:
लवकर उपचार हवेत, यावर वादच नाही. पण जे रुग्ण तो टप्पा कधीच ओलांडून गेलेत त्यांचं काय? रिपोर्ट आणि परिणाम जुळत नाहीत, याचं एक कारण तीच एकटी कॉलनी असू शकते. एकाच फुफ्फुसाच्या दोन भागांतले जंतूसुद्धा औषधाला वेगळा प्रतिसाद देतात.

पेशीभित्तिका:
तुम्ही दोघंही फक्त जंतूकडे बघताय. एका मुलाच्या ६ व्या आणि ९६ व्या महिन्यातल्या जंतूंची तुलना २००६ साली प्रसिद्ध झाली. ६८ उत्परिवर्तनं निघाली आणि तीव्र आजार घडवणारी कित्येक जनुकंच निकामी झालेली होती. फुफ्फुस जंतूला घडवतं, म्हणून आधी कफ सुधारा. २०१९ ची तीन औषधांची एकत्रित गोळी सीएफटीआरचं बिघडलेलं काम सुधारून तेच करते.

सूक्ष्मदर्शी:
ती गोळी घेऊन श्वास खूप सुधारतो, जंतूंची संख्याही घटते. तरी अनेकांच्या फुफ्फुसात तोच जुना वंश टिकून राहतो. शिवाय सीएफटीआर जनुकातल्या काही बिघाडांवर ती चालतच नाही. त्या रुग्णांना प्रतिजैविकं लागणारच, मग ती एका कॉलनीच्या भरवशावर का द्यायची?

उजवा खंड:
जनुकीय तपासणीवर उपचार ठरवलेला गट आणि नेहमीचा गट, अशी थेट तुलना करा. पहिल्या गटाची फुफ्फुसं जास्त टिकली, तर मी मत बदलेन.