मदत हवी आहे: रेड वाईनमधलं मटण तुरट लागतंय

नमस्कार मंडळी, मी फोंड्यात राहते. ग्रीक लोक रेड वाईन, दालचिनी आणि भरपूर छोटे कांदे घालून मटण मंद शिजवतात, त्याला स्टिफाडो म्हणतात. तसं घरी करायचंय. आपल्याकडे नाताळच्या सुमारास विंदालू असतोच, पण त्यात माडाच्या व्हिनेगरचा आंबटपणा हवा असतो. मला तो मऊ, गोडसर रस्सा हवाय.

बोकडाचं हाडासकट मटण, सांबारचे छोटे कांदे अख्खे, लसूण, टोमॅटो, दालचिनीचा एक मोठा तुकडा, चार लवंगा, तमालपत्र आणि ड्राय, म्हणजे गोड नसलेली, रेड वाईन, एवढंच घेते. मटण आधी तेलावर चांगलं लाल परतते, मग वाईन ओतून तिचा उग्र वास जाईपर्यंत उघडं उकळते. मटण लुसलुशीत होतं, कांदेही मोडत नाहीत, पण रस आटला की जिभेवर तुरटपणा रेंगाळतो. तो वाईनमधल्या टॅनिनचा, म्हणजे द्राक्षांच्या साली-बियांतून उतरणाऱ्या तुरट अंशाचा असावा, आटल्यावर आणखी दाट होतो.

गोव्यातली गोड पोर्ट वाईन वापरली तर जमेल का? की मग रस्सा फारच गोड होईल? निम्मी वाईन आणि निम्मं हाडांचं पाणी असं कुणी केलंय का? कुकरमध्ये वाफ बाहेर जात नाही म्हणून मी जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात करते, मटणाला दोनेक तास लागतात. कुकरमध्ये चव साधलेल्यांनी वाईन केव्हा घालता तेही कृपया सांगा. आणि लवंग किती? ती जास्त झाली की दुसरं काही लागतच नाही.