माळावरच्या समाधीला लॉन हवं की माळच ठेवावा?

मुरूमटेकडी (आर्वीकडचा)
आमच्या गावच्या एका स्वातंत्र्यसैनिकाची समाधी ई-क्लासच्या (सरकारी गायरानाच्या) मुरमाड उतारावर आहे. ग्रामपंचायतीपुढे लॉन, कारंजं आणि ग्रॅनाइटचा ओटा असा आराखडा आहे. इस्रायलच्या पहिल्या पंतप्रधानांची समाधी वाळवंट तसंच ठेवून जपली आहे म्हणतात. तिथे नेमकं काय केलंय? आपल्याकडे जमेल का? जागा एकरभर, पाणी टँकरचंच.

नकाशावाचक
ते पंतप्रधान म्हणजे बेन-गुरियन. १९५३ मध्ये पद सोडून ते नेगेव वाळवंटातल्या स्दे बोकेरला राहायला गेले (१९५५ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले, ते वेगळं). पत्नी पॉला १९६८ मध्ये वारल्या, ते १ डिसेंबर १९७३ रोजी. झिन दरीच्या कड्यावर दोन साध्या शिळा शेजारी-शेजारी आहेत. त्यांवर नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि त्या भूमीत आल्याचं साल, बेन-गुरियन यांच्या बाबतीत १९०६. पदाचा उल्लेख नाही. लिपा याहालोम आणि दान झूर या भूदृश्य-रचनाकारांनी आखलेली वाट कोरड्या ओढ्यासारखी वळत जाते, दोन्ही बाजूंना तिथलीच झाडं-झुडपं. फरसबंद चौकात पोचलं की समोर एकदम दरी. पुतळा नाही, कारंजं तर नाहीच. रानबकरे मोकळे हिंडतात.

रोपवाटिकावाला
भाऊ, तिथली झाडं आणायच्या भानगडीत पडू नका. तिथे वर्षाला जेमतेम १०० मिमी पाऊस, आपल्याकडे त्याच्या कितीतरी पट, पण सगळा चार महिन्यांत. त्यामुळे पहिलं काम उतारावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे चर. ६० सेंमी रुंद, ३० ते ४५ सेंमी खोल, माती खालच्या अंगाला. ए-फ्रेमने (पातळी दाखवणारी A आकाराची लाकडी चौकट) रेघ मारा, नजरेने नको. चर थोडा जरी कलला तरी पाणी एका टोकाला धावतं, तिथला बांध फुटतो आणि खाली घळ पडते.

खड्डे दोन फुटी, मे महिन्यात खणून उघडे ठेवा. तळ्याचा गाळ आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत घाला. कच्चं खत टाकलं की वाळवी येते. पहिल्या सरीला लावायची घाई नको, वीतभर ओल गेल्यावरच रोप लावा. हिवर, खैर, पळस, बोर, कडुनिंब. वाटेच्या कडेला तरवड. तरवडाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. पळस मार्चमध्ये फुलतो, मग वेगळी फुलबाग कशाला? पहिली दोन वर्षं फेब्रुवारी ते जून दर आठवड्याला झाडामागे १५ लिटर पाणी, शक्य तर बुडाशी पुरलेल्या मडक्यातून. लॉनला हेच पाणी दोन दिवस पुरणार नाही.

बांधकामवाला
ओट्याखाली काळी माती निघाली तर ती काढून मुरूम भरा, थराथराने पाणी मारून धुमस करा. नाहीतर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि शिळा कलते. पॉलिश ग्रॅनाइट मे महिन्यात अनवाणी पायाला चटका देतो. त्यापेक्षा खरबरीत काळा दगड बरा. आधी सातबारा बघा. ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असेल तर वनखात्याच्या मंजुरीशिवाय कुदळ लावू नका.

रोपवाटिकावाला
एक राहिलं. गवत वाळलं की डिसेंबरातच कापून घ्या आणि हद्दीभोवती तीन मीटरची जाळरेषा (वणवा आत येऊ नये म्हणून गवत काढलेला पट्टा) मोकळी ठेवा. रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) काटेरी कुंपण लागेलच; पहिल्या दोन वर्षांत रोहीच रोपं मोडतात.