रंगमंचावरून आकाशवाणीच्या माइकपुढे आणि तिथून कॅमेऱ्यापुढे : नटाला काय बदलावं लागतं?

राजवाडा_नाट्यवेडा :
नमस्कार मंडळी. इंदूरच्या हौशी मराठी नाटकांत कामं करणाऱ्या नटाला आधी रेडिओनाटक आणि पुढे मालिका-सिनेमा असा रस्ता धरायचा असेल, तर तयारी कशी करावी? घरी मराठी बोलणारा माणूस आकाशवाणीच्या नाट्य ऑडिशनला नेमका कुठे अडकतो? शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय माइकपुढे आड येते, एवढं समजतं. त्यावर उपाय हवा आहे.

पलासियाकर :
आकाशवाणी इंदूर, म्हणजे आपलं मालवा हाउस, २२ मे १९५५ पासून सुरू आहे आणि तिथलं नाटक मुख्यतः हिंदीत. त्यामुळे आपली मुलं अभिनयात कमी आणि उच्चारांत जास्त मार खातात. ज्ञ आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदीत तो 'ग्य'. ऋ आपला 'रु'कडे झुकतो, तिथे 'रि'. 'कैसा', 'और' यांतले ऐ-औ आपण 'अइ', 'अउ' असे फोडतो; हिंदीत ते एकसंध, पसरट हवेत. आणि सगळ्यात हट्टी सवय 'ज'ची. 'ज़रा' आपल्या 'जरा'च्या जवळ जातो, म्हणून निभावतं. पण तोच दंत्य ज 'जाना', 'जाल'मध्ये शिरला की परीक्षक लगेच ओळखतो. उलट 'फिर'चा 'फ़िर' करू नका.

रोज एक पान मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करा आणि फक्त याच अक्षरांवर खुणा करत ऐका. सगळं एकदम सुधारायला गेलात तर वाचन कृत्रिम होतं.

अर्ज केंद्राने मागवले की भरायचा. निवड झाली की श्रेणी मिळते : बी, मग बी-हाय, ए आणि टॉप. ही नोकरी नव्हे. त्या त्या नाटकापुरता करार असतो. म्हणून पोटापाण्याची दुसरी सोय आधी बघावी, हे कळकळीने सांगतो.

माइकमास्तर :
आता माइक. तोंडापासून अंतर ६ ते ८ इंच, वितीपेक्षा थोडं कमी. माइकच्या अगदी समोर बोलू नका, किंचित तिरकं उभं राहा. प, फ, ब, भ म्हणताना हवेचा झोत थेट माइकवर आदळला की 'धप्' असा ठोका बसतो, आणि तो नंतर नीट काढता येत नाही. झुलणं बंद करा. बहुतेक स्टुडिओ माइकना जवळ गेलं की आवाजातला खर्ज वाढतो, लांब गेलं की खोलीचा घुमारा येतो. त्यामुळे झुलणारा नट ऐकणाऱ्याला एकाच वाक्यात दोन ठिकाणी उभा वाटतो.

हीच गोष्ट मुद्दाम वापरली की अभिनय होतो. मनातलं स्वगत तीन-चार इंचांवरून, अगदी दबक्या आवाजात. ओरडायचं असेल तेव्हा दोन पावलं मागे, तोंड थोडं बाजूला. ताण पूर्ण ठेवायचा, आवाजाचं प्रमाण मात्र कमी. आवाज एकदा फाटला की टेक गेला. रिबन माइक मिळाला तर तो पुढून-मागून ऐकतो आणि कडेने बहिरा असतो. दोन नट समोरासमोर उभे राहतात आणि 'निघून जाणारा' त्या बहिऱ्या बाजूकडे सरकत बोलतो.

कागदाचं फार मनावर घ्या. संहिता एकाच बाजूला छापलेली, पिन काढलेली. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, अलगद खाली सरकवायचं, तेही दुसरा बोलत नसताना. बांगड्या, घड्याळ, सळसळणारा कपडा बाहेर ठेवा.

शेवटचं म्हणजे गप्प बसणं. रंगमंचावर गप्प पात्र दिसत राहतं, रेडिओवर ते खोलीतून नाहीसं होतं. म्हणून समोरच्याच्या श्वासाच्या जागी छोटा 'हं', एखादा निःश्वास द्यावा लागतो. त्याच्या शब्दावर मात्र तो चढता कामा नये, नाहीतर संपादनात कापता येत नाही.

राजवाडा_नाट्यवेडा :
फार उपयोगी, दादा. मग रेडिओत मुरलेला आवाज कॅमेऱ्यापुढे तसाच चालतो का?

डबिंगवाली_ताई :
तसाच नाही. रेडिओवर सगळं आवाजात घालायची सवय लागते. पडद्यावर चेहरा तेच सांगत असतो आणि गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी होते. बलराज साहनी लंडनला बीबीसीच्या हिंदी विभागात होते, म्हणजे आवाजाचं शिक्षण पक्कं. तरी 'दो बीघा जमीन' (१९५३) बघा, बहुतेक बोलणं शेजारच्या माणसाशी बोलावं तितक्याच आवाजात आहे. सुनील दत्तही रेडिओ सिलोनवरूनच आले.

मधली पायरी म्हणून डबिंग करा. रेडिओचा आवाज आणि पडद्याची शिस्त तिथे एकत्र येतात. प, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटलेले दिसतात. तेवढ्या जागा जुळवल्या की बाकी थोडं पुढेमागे खपतं. वाक्याच्या शेवटी पडद्यावर ओठ मिटले असतील तर 'आहे'ने संपणारं वाक्य उघडं पडतं, तिथे शब्दांचा क्रम बदलून मागावा. श्वास पात्राच्या छातीबरोबर घ्यायचा.

शूटिंगला दोन गोष्टी नडतात. एक, सातत्य : दूरच्या शॉटमध्ये ज्या शब्दावर कप उचलला, त्याच शब्दावर जवळच्या शॉटमध्येही उचलायचा, नाहीतर संकलकाला जोडता येत नाही. म्हणून हातांच्या हालचाली संहितेत शब्दाखाली लिहून ठेवा. दुसरी, कपड्याखालचा छोटा माइक : छातीवर हात मारणं, पदर ओढणं टाळा. सिंथेटिक कापड जास्त घासतं. वेशभूषेत निवड असेल तर सुती मागा.